आत गेलं ते रिजेक्ट

गिरिजा सहा महिन्यांची असताना शिट्टी वाजवायला लागली, आणि ती माझ्यामुळं.

झालं असं, की मी एस.टी.त बुकिंग क्लार्क. स्टँडवरचे खेळणीवाले दिवसभर माझ्या खिडकीपुढून ये-जा करायचे. त्यातल्या एकाकडचा रबरी पोपट माझ्या मनात भरला. पोट दाबलं की 'पीं' करायचा. आमच्या घरी पोपटाच्या वयाचं कुणी नव्हतं, पण उचगावात आमच्या भिंतीला भिंत लावून प्रभुलिंगअप्पांचं घर होतं आणि त्या घरात त्यांची नात होती. तिच्यासाठी म्हणून पोपट घेतला. घरी येईपर्यंत एस.टी.त आणि घरी आल्यावर पडवीत मी तो एवढा वाजवला, की पोपट नक्की कुणासाठी आणलाय, अशी शंका हिनं बोलून दाखवली. मग मी तो तडक शेजारी नेऊन गिरिजाच्या हातात दिला आणि तिच्याजवळ चटईवर बसलो. गौराबाई, म्हणजे प्रभुलिंगअप्पांच्या मालकीण, आत चहा टाकत होत्या.

थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, की पोपट एका अंगाला पडलाय आणि 'पीं' मात्र चालूच आहे. पोरगी श्वास सोडायची, पीं. श्वास घ्यायची, जरा बारीक पीं. मला हसू आलं. सहा महिन्यांची पोर पोपटाची नक्कल करतेय, केवढी हुशार, असं मी आत गौराबाईंना ओरडून सांगितलंसुद्धा.

तेवढ्यात प्रभुलिंगअप्पा बाहेरून आले. सायकल भिंतीला टेकवली, दारात थांबले आणि नुसतं ऐकलं. मग पायातले बूटसुद्धा न काढता आत आले, पोरीला उचलून डाव्या हातावर पालथी घातली आणि पाठीवर चापट्या मारल्या. पोपटाच्या पोटातली पांढरी चकती फरशीवर पडून गरगर फिरली आणि गप्प झाली. गिरिजानं टाहो फोडला. रडण्याचा आवाज एवढा गोड मला त्याआधी कधी लागला नव्हता.

अप्पांनी पोरीला गौराबाईंकडं दिलं. चकती उचलली, शर्टाच्या टोकाला पुसली आणि खिशातून व्हर्निअर काढून मापली. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "पावणं, ह्ये कुटनं आणलंसा?"

आता इथं सांगायला पाहिजे, की आमच्याकडं पावणं कुणालाही म्हणतात, पण प्रभुलिंगअप्पा मला गणपतराव म्हणायचे. ते खूश असले तरी गणपतराव आणि नसले तरी गणपतराव. त्यांच्या तोंडून पावणं आलं, म्हणजे इतक्या वर्षांची भिंत त्यांनी मधून काढून घेतली आणि मला रस्त्यावर उभं केलं. मी स्टँडवरनं म्हणून सांगितलं. त्यांनी पोपट उलटा केला, पोटाचं भोक बघितलं आणि म्हणाले, "रिजेक्ट."

गौराबाई एवढं ऐकून पदर डोळ्याला लावून आत गेल्या. मला वाटलं, भ्याल्या. दुसऱ्या दिवशी हिच्याकडून कळलं ते वेगळंच. गौराबाई तिला म्हणाल्या होत्या, "आमची लेक गेल्यापासनं आज पयल्यांदा ह्यांनी कशाला तर रिजेक्ट म्हटलं बगा."

म्हणजे माझ्या पोपटानं काहीतरी केलं होतं. काय, ते कळायला प्रभुलिंगअप्पांचं काम सांगावं लागेल.

उद्यमनगरातल्या एका मशीनशॉपमध्ये ते इन्स्पेक्टर होते. इन्स्पेक्टर म्हटल्यावर टोपी, पट्टा डोळ्यांपुढं आणू नका. लेथवरनं तयार होऊन आलेला प्रत्येक जॉब त्यांच्या टेबलावर यायचा आणि ते त्यात गेज घालून बघायचे. गेजला दोन टोकं. एकाचं नाव गो, ते भोकात गेलं पाहिजे. दुसऱ्याचं नाव नोगो, ते जाता कामा नये. माप बसलं तर हिरवा ठिपका, नाही तर लाल. लाल ठिपक्याचा ढीग वाढला की लेथवरचे टर्नर लोक त्यांच्या नावानं बोटं मोडायचे, पण समोर येऊन कुणी बोललं नाही. आयुष्यभर हेच केल्यामुळं त्यांचा हात बाहेरही थांबायचा नाही. बाजारात वांगं हातात घेतलं की दोन्ही टोकांनी बघायचे. वांगी विकणारी चिमणाबाई म्हणायची, अप्पा, वांगं हाय, नट न्हाई. आमच्या घराचं दार पावसाळ्यात फुगून बसायला लागलं, तेव्हा सुताराच्या आधी त्यांनी त्याच्यावर खडूनं लाल ठिपका दिला होता. तो मी बरीच वर्षं पुसला नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी शिवलीला. तिला स्थळं आली, तेव्हा मुलांनासुद्धा लाल ठिपके पडत गेले. कुरुंदवाडच्या शशिधरला हिरवा पडला. बी-बियाण्यांचं आणि फवारणीच्या पंपांचं दुकान, वर घर, मुलगा शांत. लग्न झालं. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून शिवलीला उचगावला आली, गिरिजा झाली, आणि आठवडा व्हायच्या आत शिवलीला गेली. तापानं गेली असं सगळे म्हणायचे. कुणी त्याच्या पुढं विचारलं नाही.

प्रभुलिंगअप्पा रडले नाहीत. माती देऊन आले, हातपाय धुतले, माझ्याशेजारी पडवीत बसले आणि म्हणाले, "गणपतराव, तुमची उद्या ड्यूटी कवा?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग आम्ही दोघं बराच वेळ रस्त्याकडं बघत बसलो. रस्त्यावर काही नव्हतं.

विधी झाल्यावर ते कामावर गेले. टेबलावर बसले, गेज घेतलं, जॉब तपासायला लागले. ते आठ तास बसायचे, डबा खायचे, सुटी झाली की घरी यायचे. काही दिवसांनी कारखान्याचे मालक स्वतः स्कूटरवरनं उचगावला आले. माझ्या पडवीत बसून हळू आवाजात म्हणाले, की अप्पांनी आल्यापासनं एकही जॉब रिजेक्ट केलेला नाही. सगळ्यांना हिरवा ठिपका. एका ट्रेमध्ये तर भोकच न पाडलेले जॉब होते, त्यांनाही हिरवा. बरं वाटेपर्यंत त्यांना घरी ठेवा, पगार कापत नाही.

तर असा माणूस. माझा पोपट हा त्यांचा त्यानंतरचा पहिला लाल ठिपका. मालकांना मी दुसऱ्याच दिवशी निरोप दिला, की अप्पांना बोलवून घ्या, दुरुस्त झालेत. हे दुरुस्त मी घाईनं म्हटलं होतं.

कामावर ते गेले, पण त्यांचं मन आता दुसऱ्याच टेबलावर होतं. आठवड्याभरात त्यांनी लेथवर पितळेचा एक बोटभर लांबीचा पाइप करून आणला. आतून-बाहेरून घासून गुळगुळीत, काठ गोल केलेले. आतलं माप त्यांनी कुठून काढलं, ते मला गौराबाईंनी सांगितलं. पोरगी जांभई देते, तेव्हा अप्पा व्हर्निअर घेऊन टपून बसायचे. एकदा तोंडाजवळ नेलं तसं गौराबाईंनी लाटणं दाखवलं, म्हणून शेवटचं माप लांबूनच घेतलं आणि चार कागद जाडीची सवलत ठेवली.

हे गेज कारखान्याच्या उलट होतं. कारखान्यात जायला पाहिजे ते गेलं नाही की रिजेक्ट. इथं आत गेलं ते रिजेक्ट. अख्खं खेळणं पाइपात मावायला नको, आणि त्याचा ओढून, पिळून, आपटून सुटणारा तुकडासुद्धा मावायला नको.

मग घरातल्या आणि गावातल्या खेळण्यांची मोजदाद सुरू झाली. ही सत्त्याण्णवची गोष्ट. रंगीत, हलकी, नवीनच निघालेली प्लास्टिकची खेळणी तेव्हा प्रत्येक कोपऱ्यावर आली होती. बारशाला आलेली खेळणी खोक्यात पडून होती, ती बाहेर निघाली. कापडी बाहुलीचे डोळे अप्पांनी पकडीत धरून ओढले, डोळे हातात आले, पाइपात गेले, रिजेक्ट. माकडाची ढोलकी, आतला सेल सुटतोय, रिजेक्ट. गाडीला बांधलेली दोरी पोरीच्या गळ्याभोवती फिरेल एवढी लांब, ती कापून वीतभर केली, मग चाक ओढलं, चाक निघालं, गाडीच रिजेक्ट. एक खुळखुळा त्यांनी फरशीवर आपटून फोडला. आतले मणी सगळ्या घरभर पळाले आणि ते वेचायला आम्ही चौघं संध्याकाळपर्यंत कोपऱ्याकोपऱ्यात ओणवे होतो. एक मणी सापडला नाही. अप्पांनी त्या रात्री पोरीला आमच्याकडं झोपवलं आणि सकाळी मण्यासकट आले. मणी त्यांच्याच बुटात होता.

शेजारीपाजारी हसायचे. गल्लीतल्या सयाजीनं एक दिवस आपलं पोरगंच आणून पुढं केलं, म्हणाला, ह्ये बगा जातंय का पाइपात. अप्पा हसले नाहीत, रागावले नाहीत. त्यांनी त्या पोराच्या शर्टाचं लोंबतं बटण ओढलं, ते हातात आलं, पाइपात टाकलं आणि सयाजीच्या हातावर ठेवलं. सयाजी बटण घेऊन घरी गेला.

लिंगायतांच्या रीतीप्रमाणं स्वामी पोरीच्या गळ्यात इष्टलिंग बांधायला आले होते, तेव्हाही अप्पांनी दोऱ्याची लांबी विचारून घेतली होती. स्वामी समजूतदार. त्यांनी गळ्यात न बांधता पाळण्याच्या वरच्या दांडीला बांधलं आणि म्हणाले, पोरगी मोठी होईपर्यंत देव वरनं बघू दे.

खरं वाजलं ते चांदीवरून. शशिधरच्या आईला सगळं कुरुंदवाड आक्का म्हणायचं, आणि आक्कांचं कुणी ऐकलं नाही असं कधी झालं नव्हतं. त्यांनी नातीसाठी हुपरीहून घुंगरांचे वाळे घडवून पाठवले. चांगले जड, नक्षीचे. अप्पांनी वाळे हातात घेतले, एकेक घुंगरू नखानं ओढत गेले. एक सुटलं. ते पाइपात टाकलं, तर आतून टिंग असा आवाज करून पलीकडं पडलं. अप्पांनी घुंगरू आणि वाळे रुमालात बांधले आणि परत पाठवून दिले.

आक्का दुसऱ्याच एस.टी.नं हजर. माझ्याच खिडकीपुढनं गेल्या असणार, पण मी त्या दिवशी रजेवर होतो, ही माझी पुण्याई. पडवीत बसून त्या सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा बोलल्या, की चांदी बघायला आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सोनार आलेत, कारखान्यातला माणूस पहिल्यांदाच आला. शेवटी आक्का म्हणाल्या, "बिनआवाजाचं वाळं घालून पोरगी कुटं गेली कळंल कसं तुमास्नी? घुंगरू काय नटायला घालत्यात व्हय?"

घुंगरू वाजतं म्हणून पोर कुठं आहे ते कळतं, आणि घुंगरू सुटतं म्हणून पोर धोक्यात येतं. अप्पा म्हणाले, "मी बगत बसतो की." आक्का म्हणाल्या, किती दिवस बसशीला? वाळे साधे करून आले, पण तो प्रश्न पडवीत तसाच राहिला.

त्याच सुमाराला अप्पांच्या हातून एक चूक झाली. तशी चूक करायला माणूस जन्मभर इन्स्पेक्टर असावा लागतो. पास झालेली खेळणी वेगळी कळावीत, म्हणून त्यांनी कारखान्यातल्या डब्यातला हिरवा ऑइलपेंट आणून प्रत्येक पास खेळण्यावर एक ठिपका दिला. चेंडूवर, लाकडी चकत्यांवर, पळीच्या मुठीवर. सकाळी गौराबाईंनी पोरीला दूध पाजायला घेतलं, तर जीभ हिरवी. गौराबाई ओरडल्या, आम्ही धावलो. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं कारण नाही, थोडा गेलाय, पण परत देऊ नका. अप्पा दवाखान्याच्या बाकावर बसून होते. घरी येऊन त्यांनी ब्लेडनं प्रत्येक खेळण्यावरचा हिरवा ठिपका खरवडला. संध्याकाळी मी गेलो, तर त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या नखावर लाल ठिपका होता. पेंटचाच. तो ठिपका नखाबरोबर हळूहळू वर सरकत गेला, आणि कापला जाईपर्यंत आम्ही सगळे तो बघत होतो.

वर्ष झालं. शशिधर तरणा माणूस, घरात बाई पाहिजे, आक्कांनी मुलगी बघितली. गडहिंग्लजकडची विद्याश्री. लग्न झालं. अप्पा-गौराबाई लग्नाला गेले, अक्षता टाकल्या, जेवून आले. लग्नानंतर निरोप आला, की गिरिजाला आता तिच्या घरी न्यायचं.

त्यात चूक काही नव्हतं. पोर बापाची. गौराबाई रडल्या, भांडल्या, मी बघतो कोण नेतंय ते, म्हणाल्या. अप्पा म्हणाले, नेऊ दे. मग ते बाजारात जायला लागले.

रोज संध्याकाळी सायकलवरनं महाद्वार रोड, नाहीतर पापाची तिकटी. हातात एखादं खेळणं घेऊन यायचे, तपासायचे, परत द्यायला जायचे. दुकानदार त्यांना बघून शटर अर्धं खाली घ्यायला लागले. पाठवायच्या खोक्यात कधी दहा खेळणी असायची, दुसऱ्या दिवशी चार. मी एकदा विचारलं, की ही सगळी तर पाइपातनं पास झालीत, मग काढता कशाला? ते खाली बघत पाइप बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, "गणपतराव, हितं बगायला मी हाय. तितं खाली दुकान हाय. पंपाचं वायसर हायेत, बिया हायेत, खिळं हायेत. बगनार कोन हाय? तितं खेळन्यानंच बगायला पायजे."

म्हणजे त्यांना असं खेळणं हवं होतं, जे कुणाचं लक्ष नसताना पोरीला काही होऊ देणार नाही. असं खेळणं बाजारात मिळत नाही, हे त्यांना माहीत होतं. तरी ते सायकल काढायचे.

शेवटी खोक्यात राहिलं ते एवढंच. गौराबाईंनी जुन्या लुगड्याचा शिवलेला, दुहेरी टिपेचा चेंडू. बिनरंगाच्या लाकडी चकत्या, एकावर एक रचायच्या. एक स्टीलची वाटी आणि लाकडी पळी, कारण गिरिजाला खरं तर सगळ्या खेळण्यांपेक्षा तेच आवडायचं. आणि एक पांगुळगाडा. पांगुळगाड्याचे सगळे खिळे अप्पांनी काढून लाकडी खुंट्या ठोकल्या होत्या, आणि तो उलटतो का बघायला त्याच्यावर पाच किलोचं वजन टांगून तो अख्ख्या पडवीत ढकलला होता. त्यामागं एक माणूस वाकून चालतोय, गाड्यात पोर नाही, हे दृश्य बघायला मी फार थांबलो नाही.

न्यायला तिघं आले. शशिधर, आक्का आणि विद्याश्री. विद्याश्री वीस-एकवीसची असेल. नव्या साडीत अवघडून भिंतीशी बसली होती आणि कुणी विचारलं तरच बोलत होती. चहा झाला. अप्पांनी खोकं तिच्यापुढं ठेवलं. मग खिशातून पाइप काढला आणि तिच्या तळहातावर दिला.

"ह्याच्या आत जाईल ते पोरीला द्यायचं न्हाई," म्हणाले.

आक्कांनी शशिधरकडं बघून कपाळाला हात लावला. म्हणाल्या, लोक नातीला जाताना चांदी देतात, हे पितळ देतात. विद्याश्रीनं पाइप उलटासुलटा केला, त्यात अंगठा घालून बघितला, आणि कुणी विचारलं नसताना बोलली. "आणि अख्खं गेलं न्हाई, पण मोडलं तर?"

अप्पांनी तिच्याकडं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. "मग आदी मोडून बगायचं."

"सगळंच?"

"सगळंच."

तिनं पाइप पदराच्या टोकाला बांधला. जीप निघाली. गिरिजा मागच्या काचेत रडत होती, आणि काच बंद असल्यामुळं आवाज येत नव्हता. जीप वळून गेल्यावर मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून अप्पांना म्हणालो, की तुमच्याकडं एक पाइप असू द्या, करून घ्या दुसरा, लेथ काय तुमचीच. ते म्हणाले, "एका जॉबला दोन गेज ठेवत न्हाईत. एक म्हनतंय हो, एक म्हनतंय न्हाई. भांडनं लागत्यात." आणि आत जाऊन त्यांनी पाळण्याचे हूक आढ्यातून काढले, तेल लावून कागदात गुंडाळून ठेवले. दुसऱ्या दिवशी कामावर गेले. टर्नर म्हणाले, अप्पा आता बरोबर तपासतात, पण बोलत नाहीत.

पाच-सहा महिन्यांनी त्यांचं कुरुंदवाडला जायचं ठरलं. मी बरोबर गेलो, कारण गौराबाईंचा पाय दुखत होता आणि अप्पांना एकट्याला पाठवायचं म्हणजे ते स्टँडवर कुठल्यातरी बाकावर बसून राहतील, अशी त्यांना भीती. जाताना अप्पांनी एक लाकडी बैलगाडी घेतली होती. पाइप नव्हता, म्हणून दुकानात त्यांनी ती अंदाजानं तपासली. ओढली, पिळली, वास घेतला. पास केली.

दुकानाच्या मागच्या जिन्यानं आम्ही वर गेलो. गिरिजा चालायला लागली होती. पांगुळगाडा कोपऱ्यात होता, त्याची एक खुंटी झिजलेली. अप्पांनी हात पुढं केले. तिनं त्यांच्याकडं नीट बघितलं, मग माझ्याकडं, आणि "अव्वा" म्हणत जाऊन विद्याश्रीच्या साडीत तोंड खुपसलं. त्या घरात आईला अव्वा म्हणतात. शिवलीलाही गौराबाईंना अव्वाच म्हणायची. अप्पांचे हात थोडा वेळ तसेच राहिले. मग त्यांनी पिशवीतून बैलगाडी काढली.

विद्याश्रीनं ती पोरीच्या हाती जाऊ दिली नाही. वरच्यावर घेतली. स्वयंपाकघराच्या दाराला खिळा होता, एवढा उंच, की पोर काय, आक्कांचाही हात पोचू नये. त्या खिळ्याला पाइप टांगलेला होता. त्याच्यावर पिवळे ठसे होते, हळदीच्या बोटांचे, जुने आणि ताजे, एकावर एक. तिनं बैलगाडीचं चाक धरून पिळलं. निघालं नाही. अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मग तिनं गाडी उलटी धरली आणि ओट्याच्या कडेवर दोनदा आपटली. जोखडाची छोटी खुंटी निघून तिच्या हातात पडली. तिनं ती पाइपात सोडली. खुंटी आत गेली.

"अप्पा, ही जातीया की."

आक्का बाजूला वाटाणे सोलत होत्या. म्हणाल्या, असू दे ग, अज्जानं एवढ्या लांबनं आणलंय, मी बसतो जवळ, खेळू दे घटकाभर. विद्याश्री सासूकडं न बघता म्हणाली, "न्हाई." आणि गाडी आणि खुंटी गोळा करून अप्पांच्या पिशवीत परत ठेवलं. आक्का वाटाणे सोलत राहिल्या. पुढ्यातली परात त्यांनी तेवढी आपल्याकडं ओढून घेतली, कारण गिरिजा एका वाटाण्याकडं निघाली होती.

आम्ही जेवलो. पोरगी वाटीवर पळी वाजवत होती. निघताना अप्पांनी विद्याश्रीच्या डोक्यावर हात ठेवला, पण आशीर्वाद म्हणून काय बोलायचं, ते त्यांना सुचलं नसावं. ते "वायसर झाकून ठेव" म्हणाले. ती म्हणाली, ठेवलेत.

येताना एस.टी.त खिडकीजवळ बसले. पिशवी मांडीवर. उचगावला उतरल्यावर मी म्हणालो, पोरगी चांगल्या हातात आहे. त्यांनी मान हलवली, जशी ते कारखान्यात पास झालेला जॉब ट्रेमध्ये टाकताना हलवतात. त्यांना बरं वाटलं, की आणखी काही वाटलं, मला सांगता येणार नाही. मी त्यांच्याकडं बघत होतो, तरीही.

बैलगाडी त्यांच्या फळीवर आहे. खुंटी परत बसवलेली नाही.

पुढं गिरिजाचा वाढदिवस आला. मी पुन्हा स्टँडवर गेलो. पोपट म्हटलं की माझ्या छातीत अजून 'पीं' व्हायचं, म्हणून या वेळी हत्ती घेतला. रबराचा, बिनशिट्टीचा, सोंडेपासून शेपटीपर्यंत एकसंध, चांगला नारळाएवढा. निघण्यासारखं त्याला काही नव्हतं. मी स्वतः ओढून, पिळून, पडवीच्या पायरीवर आपटून बघितलं होतं. आमच्या हिनं तर शेपटी दातांनी चावून बघितली. मग मी मोठ्या ऐटीत तो शेजारी घेऊन गेलो.

प्रभुलिंगअप्पा कामावरून येऊन नुकतेच बसले होते. मी हत्ती त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणालो, "अप्पा, एवढा बघा. पोरीला चालंल का?"

त्यांनी हत्ती उचलला. मला वाटलं, आता व्हर्निअर निघणार. त्यांनी तो ओढला नाही, पिळला नाही, वाससुद्धा घेतला नाही. नुसता माझ्या हातात परत दिला.

"पाइप तिकडं हाय, तिकडं इचारा."